समुद्रातले तेल आणि सुकापूरच्या इमारती

उत्तर रायगडच्या गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास बहुतेक जण एका वाक्यात उरकतात: समुद्रात तेल सापडले, उरणला कारखाने आले, पैसा आला आणि पनवेलपर्यंतच्या खेड्यांची शहरे झाली. ऐकायला हे पटते, कारण घटनांचा क्रम बरोबर आहे. तेल १९७४ साली सापडले आणि खेडी त्यानंतर वाढली. पण क्रम सांगितला म्हणजे कारण सांगितले असे होत नाही. ही समजूत तपासून पाहायची तर सुकापूरकडे पाहावे. पनवेल स्टेशनच्या पूर्वेला, नवीन पनवेल ओलांडून माथेरान रोडने नेऱ्याच्या दिशेने निघाले की लवकरच हे गाव लागते. शेजारचे पालीदेवद आणि सुकापूर आता एकमेकांत इतके मिसळले आहेत की बाहेरच्या माणसाला शीव ओळखू येत नाही. गाढी नदीच्या खोऱ्यातली ही भाताची जमीन. आज रस्त्याच्या दोन्ही अंगांना बहुमजली इमारती उभ्या आहेत आणि कारभार मात्र ग्रामपंचायतीचा आहे. इथे तेलाची विहीर नाही, साठवण टाकी नाही. नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाने जी ९५ गावे घेतली, त्यांतही सुकापूर नव्हते. तरीही गाव वाढले. माझे म्हणणे असे की उरण-पनवेल पट्टा तेलाने वाढवला नाही, कारण तेल इथे थांबलेच नाही. तेलाबरोबर जमिनीची भूक वाढली, त्या भुकेला इथल्या शेतकऱ्यांनी अडवून धरले आणि जमिनीला मोल आणले. गावे वाढली ती त्या मोलावर. सुकापूर हे त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे.

तेलाची हकिगत आधी सांगायला हवी, कारण ती खरोखर मोठी आहे. साठच्या दशकात सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीने खंभातच्या आखातात आणि मुंबईच्या पश्चिमेच्या समुद्रात भूकंपमापन पद्धतीने पाहणी झाली आणि समुद्रतळाखाली एक विस्तीर्ण उंचवटा असल्याचे दिसले. त्याला पुढे 'बॉम्बे हाय' म्हणू लागले. जपानमध्ये बांधलेला 'सागर सम्राट' हा तरंगत नेऊन पायांवर उभा करता येणारा रिग तिथे नेण्यात आला. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, पाऊणशे मीटर खोल पाण्यात त्याने भोक पाडायला घेतले आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागले. ही वेळ लक्षात घ्यावी. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जगभर जवळजवळ चौपट झाला होता आणि परकीय चलनाची आधीच ओढाताण असलेल्या भारताचा श्वास कोंडला होता. त्यामुळे बॉम्बे हाय ही केवळ खनिजाची बातमी नव्हती, देशाच्या सुटकेची बातमी होती. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९८०-८१ साली देशात सगळे मिळून सुमारे १ कोटी ५ लाख टन तेल निघत होते. १९८४-८५ साली हा आकडा २ कोटी ९० लाख टनांच्या आसपास गेला आणि त्यातले निम्म्याहून जास्त तेल मुंबईच्या समुद्रातले होते. चार वर्षांत पावणेतीन पट! स्वतंत्र भारताच्या औद्योगिक इतिहासात अशी झेप फार थोड्या वेळा दिसते.

हे तेल सुरुवातीला टँकर जहाजांतून आणावे लागे. पावसाळ्यात समुद्र खवळला की ते काम अडे. म्हणून समुद्रतळावरून उरणपर्यंत तेलाची आणि वायूची अशा दोन वाहिन्या टाकल्या गेल्या आणि १९७८ पासून बॉम्बे हायचे तेल उरणच्या किनाऱ्यावर येऊ लागले. इथे त्याचे काय होते, ते थोडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. विहिरीतून निघालेल्या तेलात वायू विरघळलेला असतो, पाणी असते, मीठ असते. उरणच्या प्रकल्पात दाब टप्प्याटप्प्याने उतरवून वायू सोडवला जातो, पाणी आणि मीठ काढले जाते आणि तेल साठवण्याजोगे, पाठवण्याजोगे स्थिर केले जाते. वायूतून स्वयंपाकाचा गॅस वेगळा काढतात, इथेन-प्रोपेन वेगळे काढतात. मग स्थिर केलेले तेल खाडीखालून मुंबईतल्या तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या, तेलशुद्धीकरण कारखान्यांना जाते, किंवा जवाहर द्वीपावरून जहाजांत भरून आणखी पुढे. इथेन-प्रोपेन वाहिनीने नागोठण्याच्या पेट्रोरसायन संकुलाला जाते. उरलेला वायू तुर्भे आणि थळच्या खत कारखान्यांना, वीज केंद्रांना जातो. म्हणजे उरण हे तेलाचे मुक्कामाचे गाव नाही, तेलाच्या वाटेवरचे नाके आहे. इथे तेल धुतले जाते, निवडले जाते आणि पुढे धाडले जाते. त्यापासून पेट्रोल, युरिया, प्लॅस्टिक जे काही होते ते दुसरीकडे होते आणि त्या प्रत्येक ठिकाणी मजूर, इंजिनिअर, ट्रकवाले, दुकानदार यांची वस्ती तिथे वाढते. उरणजवळ वायूचा मोठा वापर करणारी एक गोष्ट उभी राहिली, ती म्हणजे बोकडविऱ्याचे वायू विद्युत केंद्र. १९८२ पासून ते वीज देऊ लागले. आणि या केंद्राची नंतरची रड काय? तर पुरेसा वायू मिळत नाही म्हणून वर्षानुवर्षे ते क्षमतेपेक्षा कमी चालते. वायूची वाहिनी ज्या तालुक्यात उतरते, त्याच तालुक्यातल्या केंद्राची ही गत.

पैशाची वाट तर तेलाहूनही सरळ बाहेर गेलेली आहे. राज्यघटनेच्या २९७ व्या कलमानुसार किनाऱ्यालगतच्या समुद्राखालची सर्व खनिजे केंद्राच्या मालकीची आहेत. त्यामुळे जमिनीवरच्या तेलाचे स्वामित्वधन गुजरातला आणि आसामला मिळते, पण बॉम्बे हायचे स्वामित्वधन महाराष्ट्राला मिळत नाही. जिल्ह्याला किंवा गावाला मिळण्याचा प्रश्नच उरत नाही. पगाराचेही तसेच. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर काम करणारा माणूस जुहूहून हेलिकॉप्टरने जातो, चौदा दिवस तिथे राहतो आणि चौदा दिवसांसाठी आपल्या घरी परततो. ते घर देशात कुठेही असू शकते. हे तेल काढणाऱ्या तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाची, म्हणजे ओएनजीसीची, मुख्य कचेरीही इथली नाही. पनवेल तालुक्याच्या वाट्याला दोन गोष्टी आल्या. एक न्हाव्याचा पुरवठा तळ: प्लॅटफॉर्मवर लागणारे पिण्याचे पाणी, डिझेल, सिमेंट, विहिरीत उतरवायचे पोलादी नळ, छिद्र पाडताना वापरायचा विशिष्ट चिखल, धान्य-भाजी, हे सगळे इथून बोटींनी जाते. दुसरी म्हणजे पनवेलच्या वेशीवरची ओएनजीसीची वसाहत आणि समुद्री अभियांत्रिकीची संशोधन संस्था. वसाहतीला स्वतःची कुंपणाची भिंत आहे आणि आत केंद्रीय विद्यालय आहे. बदलीवर येणाऱ्या अधिकाऱ्यांच्या कुटुंबांना अशी सोय लागतेच, त्यात काही गैर नाही. पण कुंपणाच्या आतली वसाहत बाहेरच्या गावाला फार थोडे देते, हेही खरे आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. तेलाने स्थानिकांना नोकऱ्या दिल्या नाहीत काय? प्रकल्पग्रस्त म्हणून उरणच्या कितीतरी घरांतला एकेक मुलगा ओएनजीसीत, वीज केंद्रात, नंतर बंदरात लागला. ठेकेदारी मिळाली, गाड्या लागल्या, घरे पक्की झाली. हे सारे खरे आहे आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. पगाराची पक्की नोकरी मिळालेल्या आगरी किंवा कोळी घरात एका पिढीत शिक्षण कुठून कुठे गेले, ते उरण तालुक्यात कोणालाही दिसेल. पण प्रश्न प्रमाणाचा आहे. तेलाचा प्रकल्प भांडवल खातो, माणसे खात नाही. नळ, पंप, टाक्या आणि नियंत्रण कक्ष यांच्यावर चालणाऱ्या कारखान्यात शेकडो माणसे लागतात, हजारो कुटुंबे बसत नाहीत. शिवाय एका सातबारावर चार भावांची नावे असतील तर नोकरी एकालाच मिळते. याचा पडताळा जनगणनेत आहे. तेल जिथे किनाऱ्याला लागते त्या उरण शहराची लोकसंख्या २०११ साली जेमतेम ३० हजार होती. जिथे तेलाचा थेंब उतरत नाही त्या पनवेल शहराची त्याच वर्षी सुमारे १ लाख ८० हजार. तेलाने गावे वाढवली असती तर हे आकडे उलटे दिसले असते. आणखी एक हिशेब आहे. समुद्रातले तेल उरणला १९७८ साली पोचले. प्रवाशांची लोकल उरणला पोचली ती १२ जानेवारी २०२४ रोजी. तेलाची वाहिनी दीडशेहून अधिक किलोमीटर समुद्रतळावरून आली, आणि नेरूळ-बेलापूरपासून उरणपर्यंतच्या रुळांवर माणसांची गाडी यायला त्यानंतर ४५ वर्षे लागली.

खऱ्या अर्थाने तेलावर वाढलेले गाव कसे असते ते पाहायचे तर आसामातले दिग्बोई पाहावे. तिथे १८८९ साली तेल लागले आणि १९०१ साली शुद्धीकरण कारखाना उभा राहिला. विहीर, कारखाना, कामगार, बाजार, दवाखाना सगळे एकाच ठिकाणी. तेल गावात निघते, गावात शिजते, पगार गावात खर्च होतो. गुजरातमध्ये अंकलेश्वरला १९६० साली तेल लागले. नेहरूंनी पहिल्या विहिरीला 'वसुधारा' नाव दिले आणि पुढे तिथे औद्योगिक वसाहत मोठी झाली. जमिनीवरच्या तेलाला अवतीभवती माणसे लागतात, रस्ते लागतात, दुरुस्तीची दुकाने लागतात. समुद्रातल्या तेलाला किनाऱ्यावर फक्त वाहिनी उतरवायला जागा लागते. आपल्याच किनाऱ्याचे आणखी एक उदाहरण आहे. वसईच्या समोर समुद्रात जे मोठे वायूक्षेत्र सापडले त्याला नाव वसईचे मिळाले. तो वायू मात्र सुरतेजवळच्या हजिऱ्याला उतरवला गेला आणि तिथून हजारो किलोमीटरच्या वाहिनीने उत्तरेकडे खत कारखान्यांना गेला. हजिऱ्याला बंदर, पोलाद, खत असे सारे उद्योग जमले. नाव ज्याचे त्याच्या पदरी काही पडेलच असे नाही, इतके तरी या उदाहरणावरून कळते. कोळ्यांच्या पदरी तर वजाबाकीच आली. समुद्रातल्या प्रत्येक प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरच्या पट्ट्यात मासेमारीला बंदी आहे, आणि वाहिनी फुटली की तेलाचा तवंग जाळ्यांवर येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये उरणच्या पिरवाडी किनाऱ्यावर तेल पसरले, तेव्हा ते साऱ्यांनी पाहिले.

मग वाढ आली कुठून? इथे जमिनीची गोष्ट सुरू होते, आणि ती तेलाच्या कितीतरी आधीची आहे. उरण-पनवेल-अलिबाग हा पट्टा जमिनीसाठी आणि जंगलासाठी लढण्यात नवखा नव्हता. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळरानावर जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांच्या जमिनी पडीक ठेवून संप चालवला. स्वातंत्र्यानंतर खोती गेली, कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्या कुळाला मालक ठरवले. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या खाचरात घाम गाळला होता, त्यांचे नाव सातबारावर चढले. आणि १९७० च्या फेब्रुवारीत नवी मुंबईसाठी जमिनी घेण्याची अधिसूचना निघाली. मधली वर्षे मोजली तर तेरा भरतात. बापाने मालक म्हणून पहिली पेरणी केली आणि मुलगा कमावता होतो न होतो तोच संपादनाची नोटीस दाराशी आली. पुढे १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेला लढा इतका तीव्र का झाला, याचे उत्तर मला या तेरा वर्षांत दिसते. मोबदल्याचा दर हा भांडणाचा वरचा पापुद्रा होता. आत जे दुखत होते ते वेगळे होते: शंभर वर्षांच्या धडपडीनंतर हाती आलेली जमीन एका पिढीचीही मालकी न उपभोगता जाणार होती.

जमिनीवरचा दाब एकाच बाजूने आला असता तरी लोक लढले असते, पण इथे तो चारी बाजूंनी आला. सिडकोला शहर वसवायचे होते. तेल महामंडळाला प्रकल्प आणि वाहिन्यांसाठी जागा हवी होती. वीज मंडळाला केंद्रासाठी हवी होती. नौदलाचे अस्तित्व करंजाला आधीपासून होतेच. आणि ऐंशीच्या दशकात न्हावा-शेवा बंदराची भर पडली, जे मे १९८९ मध्ये सुरू झाले. तीच ती गावे, तीच ती खारबंदिस्तीची जमीन आणि तीच मिठागरे. जासईचे दि. बा. पाटील पनवेलचे अनेक वर्षे आमदार आणि कुलाबा मतदारसंघाचे खासदार राहिले होते. शेतकरी कामगार पक्षाच्या या नेत्याने एकरी ४० हजार रुपयांची आणि विकसित जमिनीत वाट्याची मागणी धरून लोकांना रस्त्यावर आणले. सरकारचा देकार त्याच्या पुष्कळ खाली होता. १६ जानेवारी १९८४ रोजी दास्तान फाट्यावर आणि दुसऱ्या दिवशी नवघर फाट्याजवळ पोलिसांनी गोळीबार केला. चिर्ले, धुतूम आणि पागोटे या गावांतले पाच जण मारले गेले. वसंतदादा पाटील तेव्हा मुख्यमंत्री होते. ज्या दिवसांत बॉम्बे हायचे उत्पादन शिखराकडे चालले होते आणि वर्तमानपत्रांत देशाच्या तेल-स्वावलंबनाचे लेख येत होते, त्याच दिवसांत वाहिनी उतरते त्याच तालुक्यात ही माणसे पडली. या दोन बातम्या शेजारी ठेवून वाचल्याशिवाय या भागाचा इतिहास पुरा होत नाही असे मला वाटते.

गोळीबाराने लढा संपला नाही. त्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना उभी राहिली. १९९० मध्ये शासन निर्णय निघाला आणि १९९४ मध्ये ती सुधारली गेली. ती कशी चालते, हे एका एकरावर मांडून पाहावे. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्याचे साडेबारा टक्के ५०६ चौरस मीटर होतात. त्यातून सामाजिक सुविधांसाठी ३.७५ टक्के कापले जातात, म्हणजे शेतकऱ्याच्या हाती ८.७५ टक्के, सुमारे ३५४ चौरस मीटर, साडेतीन गुंठ्यांचा विकसित भूखंड येतो. त्यावर दीड चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे ५३० चौरस मीटरच्या आसपास बांधकाम. तेही सिडकोच्या ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. चाळीस गुंठ्यांच्या बदल्यात साडेतीन गुंठे! पहिल्या नजरेला ही लूट वाटते, आणि ज्यांना भूखंड मिळायला वीस-वीस वर्षे लागली त्यांच्या बाबतीत ती लूट होतीही. पण योजनेने एक गोष्ट कायमची बदलली. जमीन देणारा माणूस रोख रक्कम घेऊन बाजूला होणारा राहिला नाही, तो शहराच्या वाढीत हिस्सेदार झाला. रोख रक्कम लग्नात, गाडीत, भाऊबंदकीत दहा वर्षांत संपते. भूखंडाचे मोल शहर वाढेल तसे वाढते. हे तत्त्व एकदा मान्य झाल्यावर पनवेल-उरणमध्ये सगळीकडे जमिनीकडे पाहण्याची नजर बदलली, ज्यांचे संपादन झालेच नाही त्यांचीसुद्धा.

इथे दुसरा आक्षेप येतो आणि तो अधिक वजनदार आहे. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० ची. नवी मुंबईची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्येच मांडली होती. तेल सापडले १९७४ ला. मग जमिनीची भूक तेलामुळे लागली असे म्हणायला आधार कुठे आहे? आक्षेपातल्या तारखा बिनचूक आहेत, आणि मीही तेलाला या भुकेचा जनक म्हणत नाही. पण सिडकोच्या मूळ आराखड्यातले शहर मुख्यतः ठाण्याच्या खाडीपलीकडे, वाशी-बेलापूरकडे सरकणारे कचेऱ्यांचे आणि घरांचे शहर होते. मंत्रालय इकडे हलेल अशी अपेक्षा होती, ती फळाला आली नाही. सत्तरच्या दशकात शहर रखडत होते. त्याच काळात दक्षिणेच्या टोकाला, उरणमध्ये, तेल, वायू आणि वीज यांच्यामुळे अवजड बांधकाम आले, जड वाहने झेपतील असे रस्ते लागले, आणि 'ही जमीन देशाच्या कामाची आहे' हा युक्तिवाद सरकारच्या हाती आला. तो युक्तिवाद जितका जोरात केला गेला तितक्याच जोरात शेतकऱ्यांनी विचारले की, देशाच्या कामाची जमीन असेल तर तिला देशाच्या कामाचा भाव का नाही? तेलाने इथे काय केले असेल तर ते हे. भूक आधीची होती. तेलाने तिला घाई लावली आणि तिचे समर्थन पुरवले. भावाचे भांडण या टोकापर्यंत गेले त्यात त्या घाईचा मोठा वाटा आहे.

आता पुन्हा सुकापूर. संपादनाची हद्द नवीन पनवेलच्या कडेला संपली आणि सुकापूर हद्दीच्या पलीकडे राहिले. पलीकडे राहणे म्हणजे सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहणे. नव्वदच्या दशकात नवीन पनवेलमध्ये सिडकोची घरे भरत होती, भूखंडांचे भाव चढत होते, आणि १९९८ मध्ये हार्बर मार्गाची लोकल पनवेलला पोचली. छत्रपती शिवाजी टर्मिनसहून थेट गाडी, आणि स्टेशनपासून रिक्षाने गाठता येईल अशा अंतरावर सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या कटकटीबाहेरची, मालकी हक्काची जमीन. बिल्डर इकडे न वळता तर नवल. शेतकऱ्याने जमीन विकली किंवा अमुक इतके फ्लॅट या बोलीवर बिल्डरला दिली, बिनशेतीचे कागद झाले, आणि भाताच्या खाचरात पाया खणला गेला. नवीन पनवेलपेक्षा इथला फ्लॅट स्वस्त पडे. गिरणगावातून उठलेली, डोंबिवली-कल्याणला कंटाळलेली, कोकणातून आणि घाटावरून आलेली मराठी कुटुंबे, शिवाय देशभरची माणसे, इथे स्वतःच्या पहिल्या घरात आली. त्यांच्या घराचे श्रेय मी बॉम्बे हायला देत नाही. पण सुकापूरच्या शेतकऱ्याला आपल्या गुंठ्याचा भाव कळला आणि तो अडून बसू शकला, यामागे शेजारच्या गावांनी लढून ठरवलेला भाव उभा होता.

कोणी म्हणेल, हे सगळे मुंबईचे ओसंडणे आहे. मुंबईत जागा उरली नाही म्हणून लोक पनवेलला आले, लढा झाला नसता तरी आले असते. लोक आले असते, हे कबूल. पण कोणत्या अटींवर? लढ्याआधीच्या पद्धतीने जमीन गेली असती तर मूळ गावकरी एकरी काही हजार घेऊन आपल्याच गावात उपरा ठरला असता. आणि तेलावरच्या समजुतीला शेवटचा पुरावा इथे मिळतो. तेलावर उभे राहिलेले गाव तेल आटले की आटते. बॉम्बे हायचे उत्पादन ऐंशीच्या दशकाच्या अखेरीनंतर घसरत गेले. ते सावरण्यासाठी नव्या विहिरी आणि नवे तंत्र आणण्यावर मोठा खर्च झाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने या क्षेत्रासाठी बीपी या ब्रिटिश कंपनीला तांत्रिक साहाय्याला घेतले. ज्या वर्षांत तेल घसरत होते नेमक्या त्याच वर्षांत पनवेल, आणि त्याच्या कडेला सुकापूर, सर्वांत वेगाने वाढले. दोन आलेख उलट्या दिशांना जात असतील तर एकाला दुसऱ्याचे कारण म्हणता येणार नाही.

या वाढीला मी विजय म्हणत नाही, कारण तिची किंमत सुकापूरचे रहिवासी रोज मोजतात. सिडकोच्या हद्दीबाहेर राहिल्याने जमीन वाचली, पण रस्ता, गटार, पाणी यांचे नियोजन करणारा कोणी उरला नाही. शहराएवढी वस्ती ग्रामपंचायतीच्या तोकड्या उत्पन्नावर आणि अधिकारावर चालवायची, ही कसरत आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली, तेव्हाही हे गाव तिच्या बाहेर राहिले. पनवेलच्या जुन्या नगरपालिकेने बांधलेले देहरंग धरण याच गाढी नदीच्या वरच्या अंगाला आहे. पण नदीकाठच्या गावातल्या इमारतींना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तिकडे संपादन झालेल्या गावांत निराळे दुखणे आहे. कुटुंबे वाढली, गावठाण वाढवले गेले नाही, म्हणून लोकांनी गरजेपोटी घरे बांधली आणि ती अनधिकृत ठरली. म्हणजे संपादनाच्या आत असलेल्याला घराचा कागद नाही आणि बाहेर असलेल्याला पाणी नाही.

आता सुकापूरभोवतीची जमीनही आराखड्यात आली आहे. २०१३ साली नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी, म्हणजे 'नैना'साठी, सिडकोला नियोजन प्राधिकरण नेमले गेले आणि पालीदेवद परिसर त्यात गेला. विमानतळाच्या प्रकल्पग्रस्तांना साडेबावीस टक्के विकसित जमीन देऊ केली गेली. नैनाच्या नगररचना योजनांमध्ये मालकाकडे ४० टक्के भूखंड राहतो. साडेबारा, साडेबावीस, चाळीस: हा चढता क्रम कोणा अधिकाऱ्याच्या उदारपणाने तयार झालेला नाही, त्याची पहिली पायरी १९८४ च्या जानेवारीत घातली गेली. तरीही इथले शेतकरी नैनाला विरोध करतात, आणि त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. जमिनीच्या ६० टक्क्यांचा मोबदला रोखीने मिळत नाही, वर सुधारणा शुल्क भरावे लागणार, आणि संपादन झाले नाही म्हणून प्रकल्पग्रस्तांचे दाखले आणि सवलतीही नाहीत. माझ्या मते चाळीस टक्क्यांचा आकडा मान्य करण्याजोगा आहे, पण दोन अटींवर. सुधारणा शुल्क भूखंड प्रत्यक्ष हाती येऊन विकासायोग्य झाल्याशिवाय घेतले जाऊ नये. आणि नव्या इमारतींना परवानगी देण्याआधी आज उभ्या असलेल्या सुकापूरला रोजचे नळाचे पाणी मिळावे, त्याचा स्रोत आणि मुदत योजनेच्या कागदातच लिहिलेली असावी.